‘घरगुती कारणास्तव’



मनुष्यबळ विभागात काम करणाऱ्यांचं हे संमेलन फुलपाड्यात भरवलंत, ते बरं केलंत. पापडखिंडीकडच्या या वस्तीतून सकाळी कुणी विरार स्टेशन गाठून चर्चगेटची लोकल पकडतो, तर कुणी वालीव-सातिवलीच्या गाळ्यांवर जातो. लोकल रखडली की लेट मार्क लागतोच. तो लावताना साहेब काय बोलतो, ते मात्र माणूस संध्याकाळी घरापर्यंत घेऊन येतो.

मी नोकरीत असतानाची गोष्ट. नऊ वर्षं लेथवर काम केलेल्या एका ऑपरेटरने राजीनामा दिला. कारणाच्या रकान्यात ‘घरगुती’ असं लिहिलं होतं. मी सही केली, कागद फाइलला लावला. महिन्याभराने कळलं, तो शेजारच्याच गाळ्यात, तेवढ्याच पगारावर लागलाय. पुढे त्याच्या सुपरवायझरचा ड्रॉवर आवरताना त्या ऑपरेटरचा घडी घातलेला रजेचा अर्ज निघाला. बहिणीच्या साखरपुड्यासाठी दोन दिवस मागितले होते. त्यावर होकार नव्हता, नकारही नव्हता.

अमेरिकेत गॅलप संस्थेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सात हजारांवर लोकांना विचारलं होतं. साहेबापासून सुटका म्हणून कधी ना कधी नोकरी सोडली, असं त्यातल्या सुमारे निम्म्यांनी सांगितलं. मग आपल्या फायलींत ‘घरगुती’च का भरलंय?

खरं कारण उघड मांडलेला राजीनामा कसा असतो, ते बघू. मंत्रिपद म्हणजे नोकरी नव्हे, हे मान्य. तरीही सप्टेंबर १९५१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला, त्यावरचं त्यांचं निवेदन आपण वाचावं. हिंदू कोड बिल, मागासवर्गीयांची उपेक्षा, परराष्ट्र धोरण ही कारणं त्यात आहेतच. पण कायद्याबरोबर नियोजन खातं द्यायचं बोलणं झालं असूनही ते मिळालं नाही, मंत्रिमंडळाच्या महत्त्वाच्या समित्यांवर घेतलं नाही, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता मांडलं. आपला ऑपरेटर असं लिहू शकत नाही. त्याचा फुल अँड फायनल हिशेब आणि रिलीव्हिंग लेटर त्याच साहेबाच्या हातात अडकलेलं असतं.

सुपरवायझरलाच खलनायक ठरवू नका. उत्तम कारागीर बघून आपण त्याला बढती देतो आणि माणसं सांभाळायची कशी, हे शिकवायचं विसरतो. एक चांगला कारागीर गमावतो आणि एक कच्चा साहेब तयार करतो. वरून टार्गेटचा तगादा, खालून रजेचे अर्ज. त्या कात्रीत तो अर्ज ड्रॉवरमध्ये सारतो.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. रजेच्या अर्जाला दोन दिवसांत उत्तर द्या. नकार असेल तर कारणासह. गेलेल्या माणसाला नोकरी सोडण्याचं कारण विचारायचं ते पैसे आणि पत्र हातात पडल्यावर, दोन-तीन महिन्यांनी फोन करून. आणि एकाच साहेबाच्या हाताखालून वर्षात तीन माणसं गेली, तर चौथा भरण्याआधी त्या साहेबाशी निवांत बसून बोला.

त्या राजीनाम्याची चौकशी मीही वेळेवर केली नव्हती, म्हणून हे अधिकाराने नव्हे, अनुभवाने सांगतोय. उद्या कामावर गेलात की आधी आपापला ड्रॉवर उघडून बघा.