विस्मृत बचतपत्रांचा शोध

घरातील कर्त्या माणसाच्या निधनानंतर त्याची पेटी उघडली जाते, तेव्हा दागिने आणि जमिनीचे उतारे साऱ्यांच्या नजरेत भरतात. पिवळी पडलेली बचतपत्रे मात्र जुन्या पावत्यांबरोबर पुन्हा बांधून ठेवली जातात. मुदत उलटली म्हणजे कागद निरुपयोगी झाला, अशी समजूत त्यामागे असते. ती बरोबर नाही. मुदतीनंतर पूर्वीच्या दराने व्याज वाढत नाही, हे खरे. परंतु सरकारने घेतलेले ऋण केवळ मुदत संपल्याने फिटत नाही.

अशा कागदावर कोणाचे नाव आहे काय, हे प्रथम पाहावे. १९८६ साली विक्रीस आलेल्या इंदिरा विकासपत्रावर धारकाचे नाव नसे. चलनी नोटेप्रमाणे ते ज्याच्या हाती, त्याचे. हरवले तर दुय्यम प्रत मिळत नसे. १९९९ साली त्याची विक्री थांबली. राष्ट्रीय बचतपत्र आणि १९८८ साली सुरू झालेले किसान विकासपत्र यांची गोष्ट निराळी. ती धारकाच्या नावे टपाल कचेरीत नोंदली जात. तेथे कागद हा हक्काचा पुरावा होय, हक्क नव्हे. तो गहाळ झाल्यास हमीपत्र देऊन दुय्यम प्रत मागता येते.

कागद हाती नसेल, तर माग काढावा लागतो. अनुक्रमांक, खरेदीची तारीख आणि कचेरीचे नाव, यांपैकी जे मिळेल ते उपयोगी पडते. जुन्या रोजनिशा आणि प्राप्तिकराच्या विवरणपत्रांतील वजावटीच्या नोंदी यासाठी तपासाव्यात. ठेकेदार सरकारी खात्याकडे अनामत म्हणून बचतपत्रे तारण ठेवीत. तेव्हा घरात न सापडणारे पत्र एखाद्या कचेरीच्या दप्तरातही असू शकते. २०१६ पासून छापील पत्रे बंद झाली आणि त्यांची जागा पासबुकाने घेतली, हेही ध्यानात असावे.

धारक हयात नसेल, तर रक्कम नामनिर्देशित व्यक्तीस मिळते. मात्र ती त्या रकमेची स्वामी ठरत नाही. ती वारसांची विश्वस्त असते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००० साली राष्ट्रीय बचतपत्रांच्या एका प्रकरणात दिला. नामनिर्देशन नसल्यास, पाच लाख रुपयांपर्यंतची रक्कम मृत्यूनंतर सहा महिन्यांनी प्रतिज्ञापत्र व हमीपत्र यांच्या आधारे वारसांना मिळू शकते. त्याहून मोठ्या रकमेसाठी न्यायालयाचा वारसा दाखला यांसारखा अधिकृत पुरावा लागतो.

विलंबाला मर्यादा आहे. खाते निष्क्रिय ठरल्यानंतर सात वर्षे कोणी मागणी केली नाही, तर रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जमा होते. तेथूनही ती पंचवीस वर्षांपर्यंत मागता येते. त्यानंतर ती केंद्र सरकारची होते.

यात सर्वाधिक हानी होते ती जिला घरातील व्यवहार कधी सांगितलाच गेला नाही, त्या स्त्रीची. तिच्याच भविष्यासाठी साठवलेला पैसा तिला ठाऊक नसल्यामुळे तिच्यापर्यंत पोहोचत नाही. बचत करणाऱ्याने पत्रांचे अनुक्रमांक, तारखा, कचेरी आणि नामनिर्देशन एका कागदावर लिहून ठेवावे, आणि तो कागद कोठे आहे हे पत्नीस व मुलांस हयातीतच सांगावे. एवढे केले, तर वारसांना शोध घेण्याची वेळच येणार नाही.