रक्त दिसलं तरच हिंसा?

(महिला गटांच्या दोन दिवसांच्या शिबिरात ‘माध्यमं आणि हिंसा’ या सत्रात केलेल्या भाषणाचा हा थोडा संपादित मजकूर.)

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘फ्रेंच भयपटांतली हिंसा’ असं वाचून काल रात्री जेवताना एकीनं मला विचारलं, “ताई, आपल्याकडची हिंसा संपली का, म्हणून आता फ्रान्सची आणताय?” सगळ्या हसल्या, मीही हसले. पण प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याच्या उत्तरापासूनच सुरुवात करते.

एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून गेली बारा वर्षं मी स्त्रियांसाठीच्या सल्ला केंद्रात काम करते. दोन वर्षांपूर्वी आमच्याच भागातल्या एका कॉलेजात हिंसेवर सत्र घ्यायला गेले होते. “तुम्ही हिंसा कुठे पाहिली?” असं विचारल्यावर मागच्या बाकावरच्या मुलांनी धडाधड सिनेमांची नावं घेतली. त्यात एक फ्रेंच सिनेमा होता, ‘मार्टर्स’. “मॅडम, त्यात मुलीची कातडी सोलतात. आमच्यात पैज लागते, शेवटपर्यंत कोण बघतो त्याची.” मग मी विचारलं, “आणि घरात? शेजारी? गल्लीत?” वर्ग गप्प. एकही हात वर झाला नाही. ज्या वस्तीतून दर आठवड्याला माझ्याकडे बायका येतात, त्याच वस्तीतली ही मुलं. हिंसा म्हणून या मुलांच्या डोळ्यांपुढे काय येतं, ते आपणही पाहायला हवं असं मला वाटलं. म्हणून मी हे सिनेमे पाहिले. काही एका बैठकीत, काही थांबत थांबत. एकाला तर तीन रात्री लागल्या.

आधी थोडी माहिती. पॅरिसमध्ये १८९७ ते १९६२ या काळात ‘ग्राँ गिन्योल’ नावाचं छोटंसं नाट्यगृह होतं. गळा चिरणं, डोळे काढणं, तोंडावर ॲसिड फेकणं हे सगळं तिथे रंगमंचावर, खोट्या रक्तानिशी दाखवत. लोक तिकीट काढून ते बघायला जात. पॉला मॅक्सा ही नटी तिथे गाजली ती कशासाठी? ‘जगात सर्वांत जास्त वेळा खून झालेली बाई’ म्हणून. तेव्हा पडद्यावरचं हे रक्त काही काल-परवाचं नाही. २००० सालाच्या आसपास फ्रान्समध्ये एकापाठोपाठ एक अतिशय हिंसक सिनेमे निघाले. जेम्स क्वांट या समीक्षकानं २००४ मध्ये ‘आर्टफोरम’ या मासिकात त्यांना ‘न्यू फ्रेंच एक्स्ट्रिमिटी’ असं नाव दिलं. म्हणजे फ्रेंच सिनेमातला नवा अतिरेक. नाव कौतुकानं दिलेलं नव्हतं, पण तेच रूढ झालं.

आता मी काय पाहिलं ते सांगते. २००७ चा ‘इनसाइड’. दिग्दर्शक दोन पुरुष, मोरी आणि बुस्तियो. नवरा अपघातात गेलेली एक गरोदर बाई घरात एकटी आहे. दुसरी एक बाई हातात कात्री घेऊन घरात शिरते. तिला त्या पोटातलं मूल हवं आहे. मूल होण्यासाठी बाईवर किती दडपण असतं, ते आपल्याला माहीत आहे. पण सिनेमा तिकडे फारसा वळत नाही. त्याला वेळ आहे तो कात्रीसाठी.

२००८ चा पास्कल लोजिए यांचा ‘मार्टर्स’. मृत्यूनंतर काय असतं हे जाणून घ्यायला श्रीमंत लोकांची एक गुप्त मंडळी तरुण मुलींना कोंडून त्यांचे हाल करते. या कामाला मुलीच योग्य, असा त्यांचा सिद्धान्त. त्यांची पुढारी एक म्हातारी बाईच आहे. या सिनेमातला छळ थंडपणे, रोजच्या कामासारखा चालतो. खायला घालायचं, मारायचं, पुन्हा खायला घालायचं. खरं सांगते, ते पाहताना मला आमच्या काही केसेस आठवल्या. पण शेवटी तिथेही त्या मुलीच्या यातना दुसऱ्यांच्या ज्ञानासाठीच असतात.

आणि २००२ चा गास्पार नोए यांचा ‘इरिव्हर्सिबल’. यात एका भुयारी रस्त्यात बलात्काराचा प्रसंग आहे, जवळजवळ नऊ मिनिटांचा. कान महोत्सवात तो पाहताना अनेक जण उठून गेले. आपल्या हिंदी सिनेमानं वर्षानुवर्षं बलात्कार कसा दाखवला ते आठवा. फाटलेला पदर, खलनायकाचं हसणं, मध्येच दिव्याची ज्योत. त्यात प्रेक्षकाला चटक लावायची सोय असते. नोए ती सोय ठेवत नाहीत, हे मान्य केलं पाहिजे. पण पुढे काय होतं? त्या बाईला बेशुद्धावस्थेत स्ट्रेचरवरून नेतात. तिचा मित्र आणि आधीचा मित्र सूड घ्यायला धावतात आणि भलत्याच माणसाचा जीव घेतात. बलात्कारी शेजारी उभा राहून बघतो. सिनेमा उलट्या क्रमानं सांगितलेला असल्यामुळे तो मागे मागे जात तिच्या सुखाच्या दिवसापाशी संपतो. शुद्धीवर आल्यावर तिचं काय झालं? तक्रार झाली का? तिला झोप लागली का? घरचे काय म्हणाले? हे कुठेच नाही. मैत्रिणींनो, आपलं सगळं काम या ‘नंतर’मध्ये आहे. आणि तेच पडद्यावर नाही.

याच काळात काही स्त्रियांनीही असे सिनेमे केले, आणि त्यांतलं रक्त मला वेगळं वाटलं. मारिना द व्हान यांनी २००२ मध्ये ‘इन माय स्किन’ लिहिला, दिग्दर्शित केला आणि मुख्य भूमिकाही स्वतःच केली. नोकरीत वर चढू पाहणारी एक बाई एका पार्टीत पडते, पायाला मोठी जखम होते, आणि बराच वेळ तिला ते कळतच नाही. तिथून ती स्वतःलाच इजा करू लागते. जूलिया द्युकुर्नो यांच्या २०१६ च्या ‘रॉ’मध्ये रॅगिंगमध्ये कच्चं मांस खायला लावलेल्या मुलीची भूक भलत्याच वाटेला जाते. याच द्युकुर्नो यांना २०२१ मध्ये ‘तितान’साठी कानचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. कोराली फार्जा यांचा २०२४ चा ‘द सब्स्टन्स’ इंग्रजीत आहे. पन्नाशी गाठली म्हणून टीव्हीवरून काढून टाकलेली नटी तरुण होण्यासाठी इंजेक्शन घेते आणि तिच्या देहाची चाळण होते. या तिन्हींत रक्त येतं ते न दिसणारी गोष्ट दिसावी म्हणून. स्वतःच्या शरीराचा आपल्याला शिकवलेला तिरस्कार, दाबलेली भूक, वयाची लाज. अर्थात कॅमेऱ्यामागे बाई आली की प्रश्न मिटला, असं नाही. ‘द सब्स्टन्स’मध्ये तरुण शरीरावर कॅमेरा इतका रेंगाळतो की मला ते खटकलं.

आता एक अवघड गोष्ट सांगते. हे सिनेमे बघत होते त्याच दिवसांत केंद्रावर एक बाई आल्या. पन्नाशीला टेकलेल्या. नवरा चार वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हता. काही सांगायचं तर मुलामार्फत. भाजीला रोज मोजून पैसे, संध्याकाळी हिशेब. माहेरी फोन करायचा नाही. त्या तासभर बोलल्या. मी नोंदवहीत लिहीत होते आणि शेवटी विचारलं, “मारत तर नाहीत ना?” त्या म्हणाल्या, “नाही ताई, हात नाही उचलत.” पिशवी उचलली आणि गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. फोन नंबरही दिला नव्हता.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा मला पाठ आहे. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक, आर्थिक, अशी सगळी हिंसा त्यात आहे. मी प्रशिक्षणात ते शिकवते. पण माझ्या हातातली मोजपट्टी मात्र रक्ताचीच निघाली. दोष सिनेमाचा म्हणून मी सुटणार नाही. पोलीस ‘जखम दाखवा’ म्हणतात, नातेवाईक ‘हाडं तर मोडली नाहीत’ म्हणतात, तेच मीही वेगळ्या शब्दांत म्हटलं. अतिरेकी रक्त पाहून मुलं खुनी होतात असं मी म्हणत नाही. माझी भीती वेगळी आहे. मोजपट्टी इतकी लांबते की खरी बाई तिच्यावर मोजलीच जात नाही.

मग बंदी घालायची का? हा प्रश्न येणारच. आपण अश्लील पोस्टरांना काळं फासणाऱ्या चळवळीच्या मुली. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला मनाई करणारा १९८६ चा कायदाही आपल्याकडे आहे. पण फ्रान्समध्ये काय झालं ते ऐका. व्हिर्जिनी देपांत आणि कोराली त्रिन ती या दोघींनी २००० मध्ये ‘बेझ-मुआ’ काढला. बलात्कार झालेली एक मुलगी आणि तिची मैत्रीण बंदूक घेऊन निघतात, असं कथानक. देपांत यांच्यावर स्वतः सतराव्या वर्षी बलात्कार झाला होता. त्यावर त्यांनी पुढे ‘किंग काँग थिअरी’ या पुस्तकात लिहिलं. सिनेमाविरुद्ध कोर्टात गेली ती कौटुंबिक मूल्यांचा कैवार घेणारी एक परंपरावादी संघटना. ३० जून २००० ला सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं सिनेमाचा परवाना रद्द केला. दिग्दर्शिका कॅथरीन ब्रेया यांच्या पुढाकारानं निषेध झाला. २००१ मध्ये नियम बदलून अठरा वर्षांखालच्यांना मनाई, असा वर्ग पुन्हा आणला गेला आणि सिनेमा परत लागला. मला तो सिनेमा आवडला असं नाही. पण एवढं लक्षात ठेवू या. बंदीची कात्री आपण मागितली तरी ती आपल्या हातात राहत नाही.

शेवटी त्याच फ्रान्समधली खरी घटना. जिझेल पेलिको यांना त्यांचा नवरा जवळजवळ दहा वर्षं गुंगीचं औषध देत होता आणि परक्या पुरुषांना घरी बोलावून बलात्कार करवत होता. त्यांना काही आठवत नसे. स्मृतिभ्रंश झाला की काय म्हणून त्या डॉक्टरांकडे जात. सगळं उघड झालं ते नवऱ्यानंच काढून ठेवलेल्या चित्रफितींमुळे. २०२४ मध्ये आव्हिन्योंच्या कोर्टात खटला उभा राहिला तेव्हा त्यांनी बंद दाराआडची सुनावणी नाकारली आणि चित्रफिती उघड कोर्टात दाखवायचा आग्रह धरला. लाज मला नाही, त्यांना वाटू दे, ही त्यांची भूमिका. १९ डिसेंबर २०२४ ला सर्व ५१ आरोपी दोषी ठरले. २०२५ मध्ये फ्रान्सनं बलात्काराच्या व्याख्येत संमतीचा मुद्दा घातला.

इथे रक्ताचा थेंबही नव्हता. आणि जे दाखवलं गेलं, ते दाखवायचं हे तिनं ठरवलं होतं.

म्हणून गटांत किंवा कॉलेजात अशा सिनेमांवर बोलायची वेळ आली तर मी आता तीन प्रश्न ठेवते. हे कोणाच्या नजरेतून दिसतंय? मार खाणारी बाई माणूस म्हणून उरली का? आणि नंतर तिचं काय झालं? मुलं आधी हसतात, मग बोलू लागतात. मागच्या खेपेला एक मुलगा सत्र संपल्यावर मागे थांबला. त्याच्या आईबद्दल बोलायला.

आणि केंद्रावर ‘मारत तर नाही ना?’ हा प्रश्न मी सोडून दिला आहे. त्याऐवजी विचारते, “घरात कशाची भीती वाटते?” तुमच्या नोंदवहीत पहिला प्रश्न कोणता असतो, ते आता तुम्ही सांगा. चर्चा तिथून सुरू करू या.