तेलाचा थेंब आणि कामगाराची नजर



कामगार चळवळीतला माणूस सूक्ष्मदर्शकावर काय बोलणार, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. ती रास्त आहे. मी महाविद्यालयाची पायरी चढलेलो नाही; जे शिकलो ते वाचनालयात आणि सभासदांच्या तोंडून. पण आमच्या सभासदांत रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत काचपट्ट्या तपासणारेही आहेत. त्यांच्या हाती कोणते हत्यार असावे, हा प्रश्न गिरणीतल्या मागाइतकाच कामगाराचा प्रश्न आहे.

प्रथम तेल कशासाठी, ते पाहू. काचेतून हवेत येताना प्रकाशाचा किरण वाकतो. काचपट्टीवरच्या वस्तूपासून निघालेले तिरपे किरण असे वाकून भिंगाबाहेर निसटतात, आणि बारीक तपशील दाखविण्याचे काम तर हेच किरण करतात. काच आणि भिंग यांच्यामध्ये योग्य तेलाचा थेंब घातला की किरण न वाकता भिंगात शिरतो. कारण काचेचा वक्रीभवनांक सुमारे १.५२ आणि या तेलाचाही तितकाच. जर्मनीत येना येथील एर्न्स्ट आबे यांनी हे गणिताने बसविले आणि १८७८ मध्ये त्साइस कारखान्यातून असे तैलभिंग बाहेर आले. आपल्या नागपुरात एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, त्याच्या पुढच्याच वर्षीची ही गोष्ट. तैलभिंगाच्याच साहाय्याने रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू पाहिला आणि २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये तो जगापुढे मांडला.

तैलभिंग म्हटले की सर्वांना १०० पटीचेच आठवते. आज मला ५० पटीच्या तैलभिंगाची बाजू मांडायची आहे. आकडा निम्मा, म्हणून किंमतही निम्मी, असे कोणी समजू नये. १०० पटीच्या भिंगातून ०.१८ मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ दिसत असेल, तर त्याच नेत्रिकेने ५० पटीतून ०.३६ मिलिमीटरचे दिसते. म्हणजे क्षेत्र चौपट.

मग नेहमीचे ४० पटीचे कोरडे भिंग का नको? कारण ते ०.१७ मिलिमीटर जाडीची झाकणकाच गृहीत धरून घडविलेले असते. रक्ताचा रंगविलेला लेप उघडाच असतो, त्यामुळे चित्र धूसर येते. तेलाखाली झाकण असले काय, नसले काय, फारसा फरक पडत नाही. कोरडे भिंग साधारण ०.५ मायक्रॉनपर्यंतचा भेद दाखविते, ५० पटीचे तैलभिंग सुमारे ०.३७ पर्यंत, १०० पटीचे ०.२७ पर्यंत. शिवाय एकदा तेल घातले की ५० वरून १०० वर आणि परत, पुसापुशी न करता जाता येते. कोरडे भिंग मात्र त्या तेलात लडबडते, आणि मग दिवसभर सारेच अंधूक.

गांधीबागेतला कापडाचा व्यापारी काय करतो? आधी थान पसरतो, सगळ्यावर नजर फिरवितो. संशय आला त्या जागी भिंग लावून धागे मोजतो. पहिल्या इंचापासून धागे मोजत बसला तर संध्याकाळपर्यंत एक थान संपणार नाही. तसेच येथे. ५० पटीने शोधावे, १०० पटीने ओळख पटवावी. हिवतापाचा जंतू नाही असे लिहिण्यापूर्वी जाड लेपाची १०० क्षेत्रे मोठ्या भिंगाखाली पाहण्याचा दंडक आहे. तो मोडा, असे मी म्हणत नाही. पण रक्ताचा पातळ लेप चाळताना, त्याची चांगली जागा निवडताना, पेशींचा मेळ पाहताना थकलेल्या डोळ्याला चौपट मैदान मिळाले, तर चूक टळते. गडचिरोलीच्या जंगलातून आलेल्या तापाच्या रोग्याची काचपट्टी चुकून ‘निर्दोष’ ठरली, तर तो औषधाविना घरी जातो. काही वेळा परत येत नाही.

याच आबे यांचे वडील आयझेनाखच्या सूतगिरणीत चौदा ते सोळा तास राबत. मुलाने आणलेले जेवण ते यंत्रापाशी उभ्या उभ्याच उरकीत. हे दृश्य आबे विसरले नाहीत. त्साइस कारखान्याची सूत्रे त्यांच्या हाती आली, तेव्हा १९०० मध्ये त्यांनी तेथे आठ तासांचा दिवस लागू केला. आपल्याकडे १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतल्या प्रौढ पुरुषाचा दिवस बारा तासांवर आणला, तीच मोठी सुधारणा मानली गेली! भिंगाची मर्यादा ज्याने मोजली, त्याला माणसाचीही मर्यादा कळली होती.

म्हणून माझे मागणे साधे आहे. सूक्ष्मदर्शक विकत घेताना खरेदी समितीने मोठा आकडा पाहून भुलू नये. जो रोज त्यावर बसतो त्याला विचारावे. आणि एका माणसापुढे दिवसाला किती काचपट्ट्या ठेवायच्या, यालाही मर्यादा असावी. उत्तम भिंगामागेही शेवटी एक डोळा असतो, आणि तो दमतो.