शहर वाढते तेव्हा पाणी कुठे जाते?

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



पर्यावरण या विषयावर चार शब्द बोलावेत अशी आज्ञा मला झाली आहे. हा शब्द उच्चारला की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांसमोर वाघ, जंगल आणि कॅलेंडरावरची चित्रे उभी राहतात; आणि मनात येते की, हा सुखवस्तू लोकांचा शौक आहे. ज्याला सकाळच्या लोकलमध्ये पाय ठेवायला जागा मिळत नाही, ज्याच्या भाड्याच्या खोलीचा करार दर अकरा महिन्यांनी संपतो, त्याने तिवरांची आणि पाखरांची काळजी का करावी? हा प्रश्न रास्त आहे. तो टाळून मी पुढे जाणार नाही, कारण मला जे सांगावयाचे आहे ते याच प्रश्नाच्या पोटात आहे.

प्रथम आपण राहतो कुठे ते पाहू. उल्हास नदी राजमाचीच्या बाजूच्या डोंगरांत उगम पावते. कर्जत, नेरळ, बदलापूर करीत ती कल्याणला येते. येथे तिला भरती-ओहोटी लागते आणि नदीची खाडी होते. ही खाडी डोंबिवली, मुंब्रा, कळवा यांच्या अंगाने वाहत, ठाण्याला वळसा घालून, घोडबंदरावरून वसईला समुद्रास मिळते. कल्याण बंदर म्हणून नावारूपाला आले ते या खाडीमुळेच. तिला मिळणारी आपली दुसरी नदी वालधुनी. होय, नदीच म्हणतो. अंबरनाथजवळच्या डोंगरात ती उगम पावते. अंबरनाथचे इ. स. १०६० चे शिवमंदिर तिच्याच काठी आहे. उल्हासनगर, विठ्ठलवाडी ओलांडून ती कल्याणात खाडीला मिळते. पण कल्याणच्या कोणत्याही मुलास विचारा, तो "वालधुनी नाला" असेच म्हणेल. जे पाणी आपण नाला म्हणून ओळखतो, त्यात काही टाकताना आपला हात अडखळत नाही.

ठाण्यास रेल्वे १८५३ साली आली, कल्याणास १८५४ साली. तरी खरी वाढ अगदी अलीकडची. ठाणे महापालिकेची लोकसंख्या १९९१ च्या जनगणनेत सुमारे आठ लाख होती, ती २०११ साली साडेअठरा लाखांच्या जवळ गेली. कल्याण-डोंबिवली त्याच वर्षी साडेबारा लाखांच्या घरात होते. एवढ्या माणसांनी कुठेतरी राहावयास पाहिजे, आणि माणूस स्वस्त जागा शोधतो. आता स्वस्त जागा स्वस्त का असते, हा मुद्दा लक्षात घ्या. पुष्कळदा ती सखल असते म्हणून स्वस्त असते. ती खाजण असते.

खाजण म्हणजे खाडीकाठची, भरतीच्या पाण्याने भिजणारी जमीन. दिसायला चिखल, आणि चिखलात तिवरे, म्हणजे सरकारी भाषेत कांदळवन. तिवराची मुळे चिखलातून बोटांसारखी वर येतात आणि हवा घेतात. त्यांच्या आडोशाला कोळंबी, चिंबोरी, बोय यांची पिल्ले वाढतात. निवटी चिखलावर उड्या मारतात. आमच्या आजोबांच्या पिढीला निवटी ताटातून ठाऊक होती. आजच्या मुलांना तो मासा आहे की भाजी हेही सांगता यावयाचे नाही! पण मासळी सोडा. खाजणाचे दुसरे काम आपल्या घराशी निगडित आहे. पावसाळ्यात वरून डोंगराचे पाणी येते, आणि त्याच वेळी मोठी भरती असली तर खालून समुद्र खाडीचे पाणी मागे लोटतो. दोन पाण्यांची गाठ पडते. नाल्याचे तोंड बंद झाल्यासारखे होते. ते चार-सहा तास पाण्याने थांबावे कुठे? खाजणात थांबावे, अशी निसर्गाची तजवीज होती. ओहोटी लागली की पाणी निमूटपणे निघून जाई.

त्या खाजणावर काय होते ते तुम्ही सर्वांनी पाहिले आहे. आधी रात्री-बेरात्री डंपर येतात आणि भराव पडतो. भरतीचे पाणी आत येण्याची वाट बुजते. पाणी तुटले की तिवरे आपोआप वाळतात. वाळली की तोडावयास सोपी. मग चाळ उभी राहते आणि स्टॅम्पपेपरवर खोली विकली जाते. काही ठिकाणी चाळीऐवजी टोलेजंग इमारत उभी राहते, एवढाच फरक. जमीन भरली, पण थांबावयास जागा मागणारे पाणी काही कमी झाले नाही. ते आता खोलीत येऊन थांबते. २६ जुलै २००५ रोजी ते आले. २०१९ च्या जुलैअखेरीस उल्हास नदी पुन्हा फुगली आणि बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. हजाराहून अधिक प्रवाशांना सोडवावे लागले. गाडीचे छायाचित्र देशभर छापून आले. वालधुनीकाठच्या घरांतून भिजलेली पीठे, गाद्या आणि मुलांची दप्तरे मात्र कोणी छापली नाहीत.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाला माझे उत्तर असे: तिवरांची काळजी ज्याने पहिल्या मजल्याच्या खाली घर घेतले आहे त्याने सर्वांत जास्त केली पाहिजे. बाराव्या मजल्यावरच्या माणसाची लिफ्ट बंद पडेल. आपले सामान वाहून जाईल.

याच्या उलट बाजूनेही विचार करा. घर मागणारा माणूस गुन्हेगार आहे काय? मुळीच नाही. भराव टाकणारा, परवानगीवाचून बांधणारा आणि ते पाहूनही न पाहणारा, हे तिघे वेगळे. आणि जन्माची कमाई देऊन खोली घेणारा वेगळा. पुढे कायद्याचा बडगा मात्र बहुधा खोलीवाल्यावर पडतो. १७ सप्टेंबर २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरच घाला आहे असे ठरविले, आणि कांदळवनाभोवतीची पन्नास मीटर जागाही राखण्याचा आदेश दिला. तेव्हा पालकहो, खोली पाहावयास जाल तेव्हा किंमत आणि स्टेशनचे अंतर विचारता तसेच, येथे पूर्वी काय होते हेही विचारा. शेजारच्या जुन्या गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारा. तो खोटे सांगणार नाही, कारण त्याला दलाली मिळावयाची नाही.

आता घाणीविषयी. २०१४ सालच्या नोव्हेंबरअखेरीस उल्हासनगरला वालधुनीत टँकरमधून रसायन ओतले गेले, विषारी वायू पसरला आणि शेकडो लोकांना इस्पितळात न्यावे लागले. पुढल्याच वर्षी उल्हास व वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने जबाबदार संस्थांना कोट्यवधी रुपयांचा दंड सांगितला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. हे कारखान्यांचे झाले. पण आपल्या मोऱ्यांचे आणि संडासांचे पाणी? सांडपाण्यातली घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते आणि मासे गुदमरतात. उरलेल्या खतावर जलपर्णी माजते. कल्याणच्या वर, मोहने परिसरात, उन्हाळ्यात ती नदीभर पसरलेली दिसते. हिरवीगार, जांभळ्या फुलांची. फोटो सुंदर येतो. त्याच नदीचे पाणी आपण शुद्ध करून पितो.

कोणी म्हणेल, ठाण्याच्या खाडीत तर हजारो रोहित पक्षी येतात, २०१५ साली तिचे अभयारण्य झाले आणि २०२२ साली रामसर यादीत तिचे नाव गेले; मग पाणी चांगलेच असले पाहिजे. या गोष्टींचा मलाही आनंद आहे. परंतु रोहित पक्षी शेवाळ खातात, आणि सांडपाण्याने शेवाळ वाढते, असे अभ्यासक सांगतात. तेव्हा पाखरांच्या गर्दीला स्वच्छतेचे प्रशस्तिपत्र समजू नका.

कचऱ्याच्या बाबतीत आपल्या कल्याण-डोंबिवलीत एक विलक्षण गोष्ट घडली, ती विद्यार्थ्यांनी नागरिकशास्त्राच्या वहीत लिहून ठेवावी. खाडीजवळ आधारवाडीला कचऱ्याचा डोंगर झाला होता. कचऱ्याची धड व्यवस्था नाही म्हणून २०१५ साली उच्च न्यायालयाने या शहरात नवीन बांधकामांस परवानगी देण्यावरच बंदी घातली, आणि ती बंदी सुमारे वर्षभर टिकली. न्यायालयाचा सवाल साधा होता: आहेत त्या माणसांचा कचरा उचलता येत नाही, तर आणखी माणसे कोठे बोलावता? आधारवाडीचे कचरा टाकणे बंद व्हावयास त्यानंतरही काही वर्षे गेली. तरीही शहर किती वाढावे याला सांडपाणी आणि कचरा यांचे माप लावता येते, हे त्या बंदीने दाखवून दिले. हे माप बंदी उठल्यावर पुन्हा कपाटात गेले याचे मला वाईट वाटते.

ठाण्याला तलावांचे शहर म्हणतात. मासुंदा, कचराळी, उपवन ही नावे तुम्हांला पाठ आहेत. पण तलावाभोवती दिवे आणि कठडे लावले म्हणजे तलाव राखला असे होत नाही. त्याला पावसाचे पाणी आणणाऱ्या वाटा उघड्या राहिल्या पाहिजेत. येऊरच्या डोंगरावरची झाडी त्या वाटांचे उगमस्थान आहे. हा विषय मोठा आहे आणि अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलेले मला दिसले.

तरी एक विनंती करतो. आठवी-नववीच्या मुला-मुलींनी येत्या पावसाळ्यात आपापल्या मोहल्ल्याचा पाण्याचा नकाशा काढावा. पाणी कोठून येते, कोणत्या गटारातून कोणत्या नाल्यात जाते, तो नाला खाडीला कोठे मिळतो, २००५ साली भिंतीवर पाणी कुठवर चढले होते, कोठे तिवरे उभी आहेत आणि कोठे भराव पडतो आहे, हे सर्व त्यात असावे. आजी-आजोबांना विचारून जुन्या विहिरी आणि तळीही मांडावीत. नाल्याच्या काठी मात्र वडीलधाऱ्यांबरोबरच जावे, भरतीच्या वेळी जाऊ नये. भूगोलाच्या शिक्षकांशी मी बोललो आहे. ते तयार आहेत. नकाशे झाले की त्यांची एक प्रत महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात द्यावी आणि पोच घ्यावी, व बरे असतील ते पुढील वर्षीच्या स्मरणिकेत छापावेत.