आधी पुरावा, मग पाना



आज मी एका पंपाबद्दल बोलणार आहे. पाण्याच्या नव्हे, हायड्रॉलिक पंपाबद्दल. बसून चालवायचे मोठे व्यावसायिक मोअर तुम्ही पाहिले असतील. गोल्फ कोर्सवर, क्रिकेटच्या मैदानांवर, विद्यापीठांच्या आवारात, लष्करी छावण्यांत ते असतात. चालक मध्ये बसतो, समोर स्टिअरिंग नसतं, दोन हातांत दोन दांडे असतात आणि गाडी जागच्या जागी गर्रकन वळते. त्या गाडीची चाकं फिरवणारा जो पंप असतो, तो बिघडला आहे हे कसं ओळखायचं आणि बदलायचा कसा, हा आजचा विषय. त्याबरोबर माझी एक चूक सांगणार आहे, कारण ती चूक केली नसती तर हा विषय मी इतका नीट शिकलोच नसतो.

मी ई.एम.ई. कोअरमधला. म्हणजे सैन्याची यंत्रं दुरुस्त करणारी शाखा. शिक्षण सिकंदराबादला झालं, नोकरी देशभर झाली आणि निवृत्तीनंतर पुन्हा सिकंदराबादलाच स्थायिक झालो. इथे एका क्लबाच्या मैदानाची यंत्रसामग्री मी मानधनावर बघतो. चार मोअर, दोन ट्रॅक्टर, पाण्याचे पंप आणि सहा माणसं. रणगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये वर्षं काढलेल्या माणसाला मोअर म्हणजे खेळणं वाटावं, तसं मलाही वाटलं. तिथेच पहिली चूक झाली.

आधी यंत्र समजून घेऊ. या गाडीला क्लच नाही, गिअरबॉक्स नाही. इंजिनवरून एक पट्टा निघतो आणि तो दोन पंप फिरवतो, एक डाव्या बाजूचा, एक उजव्या. प्रत्येक पंपापासून दोन जाड होज पाइप त्या बाजूच्या चाकावरच्या हायड्रॉलिक मोटरकडे जातात. पंपाच्या आत एक फिरता ठोकळा असतो, त्यात छोटे पिस्टन, आणि पिस्टनांची टोकं एका तबकडीवर टेकलेली असतात. तिला स्वॉश प्लेट म्हणतात. तुमच्या हातातला दांडा ती तबकडी तिरकी करतो. तबकडी सरळ असेल तर पिस्टन नुसते गोल फिरतात, आतबाहेर होत नाहीत, तेल ढकललं जात नाही. हे न्यूट्रल. तबकडी एका अंगाला कलली की तेल एका दिशेने जातं आणि चाक पुढे फिरतं. उलटी कलली की चाक मागे. जितकी जास्त कलेल तितका वेग जास्त. वेग, दिशा, वळणं सगळं एका तिरक्या तबकडीवर.

आता बिघाड. हे सगळे भाग एकमेकांवर घासत चालतात आणि त्यांच्यामध्ये फक्त तेलाचा पातळ थर असतो. तेलात कचरा गेला की गुळगुळीत पृष्ठभागांवर ओरखडे पडतात, आणि दाबाखालचं तेल चाकाकडे जाण्याऐवजी त्या ओरखड्यांतून आतल्या आत निसटतं. सकाळी तेल थंड आणि घट्ट असतं, तेव्हा गाडी ठीक चालते. तासाभराने तेल तापून पातळ होतं, गळती वाढते आणि चढावर गाडी मान टाकते. म्हणून पहिला धडा हा की हा बिघाड थंड गाडीवर सापडत नाही. वर्कशॉपमध्ये उभी गाडी सुरू करून "चालतेय की!" म्हणणारा मिस्त्री खोटं बोलत नसतो, त्याने फक्त चुकीच्या वेळी पाहिलेलं असतं.

आमच्याकडे नेमकं हेच झालं. एप्रिलचा महिना होता. आमच्या मोअरच्या चालकाने येऊन सांगितलं, "साब, गरम हुई तो चढने को नक्को बोलती." दखनीतला हा 'नक्को' आपल्याच 'नको'चा भाऊ, त्यामुळे मला तो शब्द ऐकला की उगाच घरचं वाटतं. गाडी तापल्यावर डावीकडे ओढत होती, म्हणजे डावं चाक मागे पडत होतं. चालकाने आणखी एक गोष्ट सांगितली. डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचा ओलावा आहे आणि तिथे धूळ चिकटते. मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही.

मी ठरवून टाकलं की पंप गेला. का गेला? चालक गाडी दामटवतो म्हणून. क्लबाच्या समितीला कारण हवं होतं, मी दिलं. रजिस्टरमध्ये माझ्या हाताने लिहिलं, 'चालकाच्या निष्काळजीपणामुळे डाव्या पंपाचे नुकसान'. त्याला मोअरवरून काढून हाताच्या कटरवर, पायवाटांच्या कडा कापायला लावलं. मोअर चालवणाऱ्याला महिन्याला थोडा जादा भत्ता होता, तोही थांबला. तो काही बोलला नाही. किल्ली आणून माझ्या टेबलावर ठेवली आणि गेला.

नवा पंप मागवला. बाहेरून येणारा माल, सहा आठवडे लागले. किंमत आमच्या तीन चालकांच्या महिन्याच्या पगाराइतकी. बसवला, गाडी सुरू केली, सकाळी झकास चालली. पाऊण तासाने, त्याच चढावर, पुन्हा डावीकडे ओढायला लागली.

मी त्या चढावर उभा होतो आणि मला सैन्य नियमांमधला १८० क्रमांकाचा नियम आठवला. १९५४ च्या आर्मी रूल्समधला. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत एखाद्या माणसाच्या चारित्र्याला किंवा लष्करी लौकिकाला बाधा येण्याची शक्यता असेल, तर चौकशीभर त्याला हजर राहण्याची, साक्षीदारांना प्रश्न विचारण्याची, स्वतःची बाजू मांडण्याची पूर्ण संधी दिली पाहिजे. गणवेशात असताना अशा किती चौकश्यांना मी बसलो असेन. तो नियम पाळला गेला नाही म्हणून कागद परतही पाठवले आहेत. आणि इथे एका चालकाला मी न विचारता, न तपासता दोषी ठरवलं होतं. पंपालाही तसंच.

त्या संध्याकाळी मी यंत्राची चौकशी पहिल्यापासून सुरू केली. तोच क्रम तुम्हाला सांगतो.

पहिला प्रश्न, अशक्तपणा दोन्ही बाजूंना आहे की एकाच? दोन्ही चाकं सारखी मंद असतील तर दोन्ही पंप एकाच दिवशी मेले असं सहसा होत नाही. मग दोघांमध्ये समाईक काय आहे ते पाहा. पट्टा झिजून घसरतोय का? पट्टा ताणणारी आयडलर पुली आणि तिची स्प्रिंग ठीक आहे का? तेलाची पातळी किती? तेल दुधाळ दिसत असेल तर पाणी शिरलंय, फेस असेल तर हवा, जळका वास असेल तर ते तापून खराब झालंय. फिल्टर कधी बदलला? पंपांभोवती वाळलेलं गवत कोंबलं गेलंय का, पंपावरच्या पंख्याची पाती तुटली आहेत का? आमच्याकडच्या मे महिन्यात एवढं कारणही तेल उकळायला पुरतं.

एकाच बाजूला त्रास असेल तर दुसरा प्रश्न, त्या बाजूचा बायपास व्हॉल्व्ह पूर्ण बंद आहे का? इंजिन बंद असताना गाडी ढकलता यावी म्हणून तो दिलेला असतो. अर्धवट उघडा राहिला तर तेल पंपातून निघून पंपातच परततं. अनेक पंप या एका व्हॉल्व्हपायी विनाकारण भंगारात गेले असतील. त्यानंतर दांड्यापासून पंपापर्यंतचे सांधे बघा. पिन झिजली असेल तर हात पूर्ण पुढे जातो, पण तबकडी अर्धीच कलते.

हे सगळं ठीक निघालं की दोनच संशयित उरतात, पंप आणि चाकावरची मोटर. एकाच तेलाने जोडलेले, त्यामुळे लक्षणंही सारखीच. ओळखायचं कसं? अदलाबदल करून. डाव्या पंपाचे दोन्ही होज उजव्या मोटरला जोडायचे, उजव्याचे डावीला. आता डावा पंप उजवं चाक फिरवतो. गाडी तापवायची आणि पाहायचं. त्रास उजव्या चाकाकडे गेला तर दोष डाव्या पंपाचा किंवा त्याच्या सांध्यांचा. त्रास डाव्या चाकालाच चिकटून राहिला तर पंप निर्दोष, दोष मोटरचा. सावधगिरी एवढीच की दांडे आता उलटे झालेले असतात, डाव्या हाताने उजवं चाक फिरतं. म्हणून सपाट मोकळं मैदान, सगळ्यात कमी वेग, कापणीची पाती बंद, जवळपास माणूस नाही. काही गाड्यांत पंप आणि मोटर एकाच डब्यात असतात, तिथे हे करता येत नाही. ज्यांच्याकडे फ्लो मीटर आहे त्यांनी तापलेल्या तेलावर दाब वाढवत प्रवाह किती पडतो ते मोजावं आणि त्या मॉडेलच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडून बघावं.

आमच्याकडे अदलाबदल केली, तासभर चालवून गाडी तापवली. सपाटीवरही ती डावीकडेच ओढत राहिली. दोष मोटरचा होता. तिच्या सीलमधून येणारा ओलावा चालकाने मला सहा आठवड्यांपूर्वीच दाखवला होता. काढलेला जुना पंप दुसऱ्या गाडीवर लावून पाहिला. ठणठणीत.

आता पंप खरोखर दोषी निघाला तर बदलायचा कसा, ते थोडक्यात. आधी गाडी धुवा, कारण पंपाचा खरा वैरी कचरा आहे. होज काढण्याआधी प्रत्येकावर खूण करा, फोटो काढा. काढल्याबरोबर तोंडं टोपणांनी बंद करा, चिंध्या कोंबू नका, त्यांचे धागे आत जातात. पुली हातोडीने ठोकून काढू नका, पुलर वापरा, नाहीतर शाफ्टला मार बसतो. फिटिंगच्या ओ-रिंग नव्या घाला. जुना फिल्टर कापून उघडा. आत पितळी चकाकी दिसली तर झिजलेल्या भागाचा चुरा सगळ्या तेलात पसरला आहे. ती चुंबकाला चिकटत नाही, म्हणून डोळ्यांनीच बघावी लागते. होज धुतले नाहीत, तेल आणि फिल्टर बदलला नाही, तर जुन्याचा चुरा नव्याला खातो. तेल पुस्तकात लिहिलेलंच. अनेक गाड्यांना साधं २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल चालतं, पण सगळ्यांना नाही.

मग हवा काढायची. मागची चाकं जॅकवर उचला, खाली स्टँड लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नका. बायपास उघडा, इंजिन मंद ठेवा, दांडे सावकाश पुढे-मागे पाच-सहा वेळा करा. बायपास बंद करून पुन्हा तेच. इंजिन थांबवून तेलाची पातळी बघा, लागेल तेवढं घाला. घरघर थांबेपर्यंत आणि चाकं दोन्ही दिशांना सारखी फिरेपर्यंत हे करायचं. शेवटी न्यूट्रल जुळवा. दांडे मध्ये असताना चाक हळूच सरकता कामा नये.

आणि एक गोष्ट कधीही विसरू नका. चालू गाडीत होजची गळती हाताने चाचपू नका. सुईएवढ्या छिद्रातून दाबाखालचं तेल कातडीत घुसतं. वरून टोचल्यासारखं दिसतं, आत मांस सडवतं. पुठ्ठ्याचा तुकडा धरून गळती शोधा. आणि तेल टोचलंच तर जखम लहान आहे म्हणून थांबू नका, त्याच क्षणी मोठं इस्पितळ गाठा.

आता राहिली माझी चूक. मोटर बदलली त्या दिवशी सकाळी हजेरीला सगळी माणसं असताना मी रजिस्टर उघडलं. निष्काळजीपणाच्या ओळीवर लाल शाईने रेघ मारली, बाजूला लिहिलं, 'तपासणी न करता केलेली नोंद. चूक माझी.' खाली सही, तारीख. थांबलेला भत्ता मिळवायला समितीशी दोन बैठका भांडावं लागलं. पंप नाहक आणला हेही तिथे सांगावं लागलं आणि ते ऐकून घेणं सोपं नव्हतं. मग मी चालकाला किल्ली परत दिली आणि माफी मागितली. तो म्हणाला, "साब, पहले मोटर का तेल दिखाता मैं, आप देखे नहीं." राग नव्हता. नुसती नोंद होती, माझ्यापेक्षा अचूक.

आता आमच्याकडे नियम आहे. कुठलाही महाग भाग मागवायच्या आधी एका कागदावर तीन गोष्टी लिहायच्या. चालकाने काय पाहिलं, त्याच्याच शब्दांत. कोणकोणती तपासणी झाली, आणि गाडी तेव्हा थंड होती की तापलेली. आणि तोच भाग दोषी आहे हे कशावरून. तिसरा रकाना रिकामा असेल तर मी सही करत नाही.

तो जुना पंप तेल भरून, टोपणं लावून माझ्या टेबलामागच्या फळीवर ठेवलाय. कुणी विचारलं, साहेब, हा खराब आहे का, तर मी सांगतो, नाही, हा निर्दोष सुटलेला आहे. पुढे कधी खरंच गरज पडली, की तो पुन्हा ड्युटीवर जाईल.