हाँगकाँगचे हिंदी लोक आणि ब्रिटनचे आश्वासन



सरकारने दिलेला शब्द आणि सरकारने केलेला कायदा यांत अंतर किती, हे पाहावयाचे तर हाँगकाँगातील हिंदी लोकांची हकीकत पाहावी, असे आम्हांस वाटते. १८४१ साली इंग्रज त्या बेटावर उतरले तेव्हापासून हिंदी शिपाई आणि व्यापारी तेथे आहेत. तेथील विद्यापीठ उभे राहिले त्यात आपल्या मुंबईच्या होरमसजी मोदींचा पैसा मोठा. डिसेंबर १९४१ मध्ये जपान्यांशी झुंजताना रजपूत आणि पंजाबी पलटणींची माणसे तेथे पडली.

पुढे १९८४ च्या करारान्वये १ जुलै १९९७ रोजी वसाहत चीनकडे जाणार असे ठरले. रहिवाशांना 'ब्रिटिश नॅशनल (ओव्हरसीज)' असे लांबलचक नाव मिळाले. नाव ब्रिटिश, पण ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क नाही! चिनी वंशाच्या माणसाला निदान चीन आपला नागरिक मानत होता. हिंदी माणसाचे काय? ज्याने ब्रिटिश नागरिकत्व स्वेच्छेने घेतले त्याचे हिंदी नागरिकत्व आपल्याच १९५५ च्या कायद्याने गेले. वंशाने तो चिनी नाही, म्हणून चीनचा नागरिक आपोआप होत नाही. ब्रिटनचा दरवाजा बंद. आणि ही नवी पदवी मुलाबाळांकडे वारसाने जाणारी नव्हती. मुलांना दुसरे एक दुय्यम नागरिकत्व मिळे, नातवंडांना तेही मिळण्याची खात्री नव्हती.

लंडनचे उत्तर मोठे गोड होते. १९८६ साली सांगण्यात आले, अशा लोकांवर हाँगकाँग सोडण्याचा दबाव आलाच तर त्या वेळचे सरकार विशेष सहानुभूतीने विचार करील. मार्च १९९६ मध्ये पंतप्रधान जॉन मेजर आणखी पुढे गेले. दबाव आल्यास प्रवेशाची हमी आहे, असे ते म्हणाले. आता श्रोतेहो, दबाव आला की नाही हे ठरवणार कोण? अर्जदार की विमानतळावरचा अंमलदार? शिवाय एका सरकारचा शब्द दुसऱ्याने पाळावाच असे कोठे आहे? केनियातील ब्रिटिश पासपोर्टवाल्या हिंदी लोकांना ते १९६८ सालीच कळले होते. त्यांना अडवणारा कायदा पार्लमेंटने आठवड्याच्या आत संमत केला.

माणसे फार होतील, ही सबब आम्हांस पटत नाही. ही मंडळी हजारांत मोजण्यासारखी होती. फॉकलंडच्या लोकांना १९८३ मध्ये, युद्धानंतर लगेच, पूर्ण नागरिकत्व मिळाले. जिब्राल्टरच्या लोकांना मागितले की मिळे. शेजारच्या मकावमध्ये पोर्तुगालने, गोव्याच्या लोकांशी जसे वागले तसेच, आपले नागरिकत्व हजारोंच्या हाती राहू दिले. पोर्तुगिजांची स्तुती करण्याची आम्हांस हौस नाही, गोव्यातील त्यांचा कारभार आपण पाहिला आहे. पण या एका बाबतीत त्यांचा कागद खरा ठरला.

हाँगकाँगची हिंदी मंडळी सहानुभूतीवर थांबली नाहीत. त्यांचा धोशा एकच : हमी नको, पासपोर्ट द्या. लंडनच्या उमराव सभेत लॉर्ड एव्हबरींसारख्यांनी तो लावून धरला. अखेर फेब्रुवारी १९९७ मध्ये सरकार नमले आणि मार्चमध्ये, हस्तांतराला जेमतेम साडेतीन महिने उरले असता, कायदा झाला. ४ फेब्रुवारी १९९७ पूर्वी हाँगकाँगचा रहिवासी असलेल्या आणि अन्य कोणतेही नागरिकत्व नसलेल्या माणसाला नोंदणी करून पूर्ण ब्रिटिश नागरिक होता येऊ लागले. ज्या चिनी शेजाऱ्यांकडे ते लांबलचक नाव उरले, त्यांना ब्रिटनमध्ये वस्तीची वाट ३१ जानेवारी २०२१ ला उघडली. तीही अर्ज करून आणि फी भरून.