टेलच्या शेतकऱ्याची पाळी

 शेजारी देशांविषयीचं भारताचं धोरण, असा विषय मला दिला आहे. मी आज त्यातल्या पाण्याबद्दलच बोलणार आहे.

पाटाच्या पाण्यावर शेती करणाऱ्यांना हे सांगायला नको. पाटाच्या मुखाशी ज्याचं रान, त्याला पाणी पोटभर. टेलच्या शेतकऱ्याचा जीव मात्र पाळीत अडकलेला. पाणी ठरल्या दिवशी येईल ना, हाच त्याला घोर. गंगेच्या पाटावर आपण मुखाशी आहोत आणि बांगलादेश टेलला.

कोलकाता बंदरातला गाळ वाहून जावा म्हणून 1975 पासून आपण फराक्का बंधाऱ्यापाशी गंगेचं पाणी हुगळीकडे वळवतो. बंदर आपलं, गरज खरी. पण खाली बांगलादेशात उन्हाळ्यात पद्मा, म्हणजे तिथली गंगाच, रोडावली, आणि 1976 च्या मे महिन्यात तिथले वृद्ध नेते मौलाना भाशानी हजारो माणसं घेऊन फराक्काच्या दिशेने चालत निघाले. पुढे वीस वर्षं तात्पुरत्या करारांवर रेटली, मध्ये काही वर्षं तर करारच नव्हता. टेलच्या माणसाने अशी वाट किती बघायची?

डिसेंबर 1996 मध्ये आपले पंतप्रधान देवेगौडा आणि बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी 30 वर्षांचा करार केला. परराष्ट्रमंत्री गुजराल होते. लहान शेजाऱ्यांना देताना लगेच परतफेड मागू नये, असं म्हणणारे. आणि पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी बंगालची संमती मिळवून दिली, हे विसरू नका. करार असा: 1 जानेवारी ते 31 मे, दर दहा दिवसांचा हिशेब. प्रवाह सत्तर हजार क्युसेक किंवा कमी असला तर निम्मं निम्मं. 11 मार्च ते 10 मे या कडक दिवसांत दोघांना आळीपाळीने पस्तीस हजार क्युसेकची हमी. अगदी आपल्या पाटासारखी पाळी!

हा करार डिसेंबर 2026 पर्यंतचाच. म्हणून सांगतो, मुदत सरण्याआधी बोलणीला बसा, आणि बंगालला पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. 2011 मध्ये तिस्ता नदीच्या पाणीवाटपाच्या कराराचा मसुदा तयार होता, पंतप्रधान ढाक्याला निघाले होते, आणि ऐन वेळी बंगालने नकार दिला. सही राहिली ती राहिलीच. ढाक्यात सरकार कुणाचं, आपल्याशी गोड की कडू, यावर पाळी ठरवू नये. सरकारं बदलतील, बांगलादेशातल्या राजशाहीच्या शेतकऱ्याला मार्चमध्ये पाणी लागणारच. मुखाशी बसलेल्याने उशीर केला तर त्याचं रान हिरवंच राहतं, म्हणून त्याला उशीर जाणवत नाही. आपल्याला तो जाणवला पाहिजे, एवढंच माझं मागणं आहे.

वेळ संपत आल्याची खूण झाली आहे. नेपाळचं बोलायचं राहिलं. त्याच्याशी झालेला महाकाली नदीचा करारही 1996 चाच, पण त्यातलं पंचेश्वर धरण अजून उभं नाही. तिथे मुखाशी नेपाळही आहे, म्हणजे हिशेब निराळा, आणि वाटा कसा मोजायचा यावरच घोडं अडलं आहे. ते पुन्हा कधी संधी मिळाली तर.